तेहतीस गुणांची भाषा

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा किंचित संस्कारित मजकूर)



शताब्दीच्या व्यासपीठावरून वक्त्याने ग्रंथांविषयी बोलावे, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'सरकारी शाळांतील दर्जा आणि विद्यार्थ्यांपुढील अटी' असे सांगितले, आणि त्यांचा चेहरा किंचित उतरलेला मी पाहिला. परंतु ज्या मुलाला दहाव्या वर्षी मराठीचे पान वाचता येत नाही, ते विसाव्या वर्षी या दारातून आत येण्याचे काहीही कारण नाही. तेव्हा वाचनालयाच्या पुढील शंभर वर्षांचा प्रश्न पांढुर्णा-सौसरच्या प्राथमिक शाळेत ठरणार आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी आयुष्यभर शिक्षक होतो. शिक्षकाला दुसरे काही नीट बोलता येत नाही, हेही एक कारण आहेच.

माझा प्रश्न थोडक्यात असा. आपल्या मुलाने उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात तेहतीस गुण मिळवले पाहिजेत, असे भोपाळचे मंडळ सांगते. नागपूरचे मूल असते तर त्याला पस्तीस मिळवावे लागले असते. या दोन गुणांच्या फरकावर आपल्याकडे पुष्कळ विनोद होतात. पण हे तेहतीस गुण कोणत्या भाषेतले, हे आजवर कोणी मोजून पाहिले आहे काय?

थोडा इतिहास सांगणे भाग आहे; तो आपणांपैकी ज्येष्ठांना पाठ आहे, म्हणून लांबवीत नाही. सौसर तहसील ही सातपुड्याच्या घाटाखालची. तिचे पाणी, तिचा बाजार आणि तिच्या सोयरिकी नागपूरकडे वाहणाऱ्या. जुन्या मध्य प्रांताचे हायस्कूल शिक्षण मंडळ १९२२ च्या कायद्याने झाले, पुढच्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या परीक्षेचे केंद्र व भाषा या दोन्ही गोष्टी त्या वाटेने ठरल्या. १९५० साली मध्यप्रदेश राज्याने हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांना राजभाषा म्हणून कायद्याने मान्यता दिली होती. म्हणजे त्या काळी सौसरच्या मुलाची भाषा ही सरकारचीही भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा जिथे होता तिथेच राहिला, राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली. आपण कुठे गेलो नाही. आपल्याभोवतीचे राज्य बदलले. १९६५ मध्ये भोपाळला माध्यमिक शिक्षा मंडल स्थापन झाले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. या नव्या जिल्ह्याचा उल्लेख मी पुन्हा करणार आहे, कारण माझ्या आजच्या सांगण्याचा तोच आधार आहे.

'शिक्षा मंडल' हा शब्द मी लहानपणी प्रथम वाचला तेव्हा घाबरलो होतो. मराठी घरात 'शिक्षा' म्हणजे छडी. मुलांना शिक्षा करण्यासाठी भोपाळला एक मंडळच नेमले आहे, अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. आपण हसलात, मीही ही गोष्ट हसण्यासाठीच सांगत आलो. पण पुढे वर्गावर उभा राहिलो तेव्हा यातले हसणे कमी कमी होत गेले.

सहावीच्या वर्गात मी भूमितीचा पाठ घेत होतो. फळ्यावर त्रिकोण काढला आणि पुस्तकातल्या शब्दांत विचारले, 'यह कौन-सा त्रिभुज है?' उत्तर अपेक्षित होते 'समकोण'. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, शेतमजुराचा, हिशेबात अतिशय चलाख, तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, 'अरे, कोण बघ, कोण!' त्याने मान वळवून दाराकडे पाहिले. कोण आले, हे तो पाहत होता. आपल्या भाषेत कोन हा कोन असतो आणि कोण म्हणजे माणूस. वर्ग हसला, मीही हसलो असेन. त्या मुलाने त्यानंतर वर्षभर भूमितीच्या तासाला तोंड उघडले नाही. त्याला काटकोन ठाऊक होता. घर बांधताना दोरी ताणून काटकोन कसा साधतात, हे त्याच्या वडिलांनी त्याला दाखवलेले होते. जे त्याला येत होते ते पुस्तकाच्या भाषेत नव्हते, एवढेच.

अशी उदाहरणे मी अनेक वर्षे एका वहीत टिपून ठेवली आहेत. अपूर्णांकाला हिंदीत 'भिन्न' म्हणतात. आपल्या मुलाला भिन्न म्हणजे वेगळे. 'भिन्नों को जोड़िए' असे वाचून वेगवेगळ्या वस्तू कशा जोडायच्या, असा प्रश्न त्याला पडतो. 'वृत्त का क्षेत्रफल' विचारले की बातमीचे क्षेत्रफळ कसे काढावे! आपल्याकडे चौरस, त्यांच्याकडे वर्ग. आपल्याकडे वर्ग म्हणजे तो ज्यात बसला आहे ती खोली. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'संशोधन' हिंदीत दुरुस्ती, मराठीत शोध. संविधानात संशोधन झाले, असे नागरिकशास्त्रात वाचून मुलगा काय समजत असेल? हे शब्द अवघड असते तर बरे झाले असते. मुलाने अर्थ विचारला असता. ते ओळखीचे दिसतात, म्हणून तो विचारीत नाही, आणि चुकीचा अर्थ धरून पुढे जातो. दोन भाषांची लिपी एक असणे हे आपण मोठे सौभाग्य मानतो. शाळेच्या दृष्टीने त्यात एक फसवी सोयही आहे. तमिळ मूल हिंदी शाळेत बसले तर मास्तरांना लगेच कळते की याला काही समजत नाही. मराठी मूल घडाघडा वाचून दाखवते, आणि त्याला समजले असे सारेच धरून चालतात.

आता लेखनाकडे या. १९६२ साली मान्य झालेल्या नियमांनुसार मराठीत शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, शक्ती, मृत्यू, वस्तू. हिंदीत तेच शब्द कवि, शक्ति, मृत्यु, वस्तु. घरी मोठ्या बहिणीने मराठी शुद्धलेखन शिकवले असेल, तर त्या मुलाचे हिंदीच्या उत्तरपत्रिकेत गुण कापले जातात. आणि हिंदी शाळेत बरोबर लिहायला शिकलेले मूल मराठीच्या पेपरात चुकते. लिंगाचे तर विचारूच नका. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. आवाज आपल्याकडे तो, तिकडे ती. विजय आपला पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. 'भारत का विजय हुआ' असे लिहिणारा मुलगा अडाणी नाही. तो आपल्या आईच्या व्याकरणाशी एकनिष्ठ आहे.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी स्वतः कित्येक वर्षे या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. लिंगाच्या व ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर मी लाल शाईने खुणा केल्या आणि गुण कापले. नियमाप्रमाणे तेच योग्य होते. एका वर्षी तीस गुणांवर थांबलेली एक उत्तरपत्रिका हाती आली. इतिहासाच्या धड्यावरचे तिच्यातले उत्तर इतके समजून लिहिलेले होते की मी ते दोनदा वाचले. सारी हिंदी होती, पण वाक्यांचा सांगाडा आमच्या गावचा. मी हिशेब करून पाहिला: व्याकरणासाठी कापलेले गुण परत दिले असते तर मूल सहज पुढे गेले असते. मी दिले नाहीत. मास्तराने नियम पाळायचा असतो, असे तेव्हा मला वाटत होते. आजही तसेच वाटते. मात्र त्या दिवशी मी दर्जा मोजला की अंतर मोजले, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दर्जा या शब्दाविषयी आपल्याकडे एक विचित्र गैरसमज आहे. दर्जा म्हणजे मुलाकडून केलेली मागणी, असे आपण समजतो. इतके टक्के, इतकी हजेरी, इतके विषय. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राच्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना नापास करण्याची मुभा राज्यांना परत मिळाली, आणि त्यानंतर आपल्या राज्यात पाचवी व आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागल्या. मी त्यांच्या विरोधात नाही. काहीही न येणारे मूल आठव्या वर्गापर्यंत ढकलत नेणे ही दया नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु मागणीला दुसरी बाजू असते. शाळेने मुलाला काय द्यावे, हाही दर्जाच आहे, आणि त्याचेही आकडे ठरलेले आहेत. ते आकडे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत, हे मला आज विचारायचे आहे.

ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक नियम ठरला. शाळेच्या भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली मुले संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकवणारा निदान एक शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. 'प्रयत्न' या शब्दात किती पळवाटा आहेत, ते वकील मंडळींनी सांगावे. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने माध्यमिक शाळेसाठीही आकडे ठरवले, शेवटच्या चार वर्गांत मिळून साठ आणि प्रत्येक वर्गात पंधरा. शिवाय एक अतिशय व्यवहारी व्यवस्था त्या काळी सुचवली गेली. शाळा सुरू होण्याआधी पालकांनी आपल्या भाषेची पसंती आगाऊ नोंदवावी, तशी वही शाळेने ठेवावी, आणि एका शाळेत मुले कमी पडली तर शेजारच्या शाळेतील मुलांशी मेळ घालून वर्ग भरावा.

दहा मुले, एक शिक्षक, एक वही. ही व्यवस्था कागदावर इतकी साधी आहे की ती का मोडली असा प्रश्न पडतो. मी ज्या शाळेत होतो तिचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा शाळा अनेक होत्या. तिथे मराठीचे गुरुजी निवृत्त झाले. जागा रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी मराठीच्या वर्गात नऊ मुले होती. मुख्याध्यापकांनी सांगितले की दहा नाहीत, म्हणून शिक्षक मागता येत नाही. शिक्षक नाही म्हणून पुढच्या वर्षी मुले सहा झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पालकांनीच अर्ज भरताना माध्यमाच्या रकान्यात 'हिंदी' लिहिले. कोणीही मराठीचा वर्ग बंद करण्याचा आदेश काढला नाही. कोणी दुष्टावा केला नाही. मीही त्या शाळेत होतो, आणि शेजारच्या शाळेत जाऊन तिथल्या मराठी मुलांची यादी आणावी, हे मला सुचले नाही. आगाऊ नोंदणीची वही असते, हे मला निवृत्तीनंतर समजले.

आपल्याच राज्याने एकदा याच्या उलट उदाहरण घालून दिले होते, ते आपण विसरलो आहोत. १ जानेवारी १९९७ रोजी मध्यप्रदेशात शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुलांच्या, आदिवासी वस्तीत पंचवीस मुलांच्या, पालकांनी मागणी केली, तर नव्वद दिवसांत शाळा द्यायची, असे तिचे स्वरूप. त्या शाळांच्या गुणवत्तेविषयी, अल्प मानधनावरच्या गुरुजींविषयी पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. पण मागणी पालकांची, मुदत सरकारवर, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. शाळेसाठी जी हमी देता आली, ती भाषेच्या शिक्षकासाठी देता येणार नाही असे नाही.

अलीकडची गोष्ट घ्या. २०२१ पासून देशभर 'निपुण भारत' हा उपक्रम आहे, आपल्याकडे तो 'मिशन अंकुर' या नावाने चालतो. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे त्यात एक माप आहे. माप चांगले आहे. घड्याळ लावून मुलाला वाचायला बसवणे मला पूर्वी यांत्रिक वाटे. पण न वाचता येणारी मुले त्यामुळे निदान दिसू लागली. तरी विचारावेसे वाटते, साठ शब्द कोणते? माझी नात मराठीत साठाच्या पुढे जाते आणि हिंदीत चाळीसाशी अडखळते. तिच्या शाळेच्या नोंदीत चाळीसच येणार. पुढच्या वर्षी तिच्यासाठी जी उजळणी ठरेल, ती न वाचता येणाऱ्या मुलाची उजळणी असेल. वस्तुतः तिला वाचता येते, हिंदी शब्द शिकायचे आहेत. दोन्ही रोगांना एकच औषध देणारा वैद्य आपण पत्करला नसता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर माध्यम मातृभाषेचे असावे असे म्हटले, २०२० च्या धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हटले. युनेस्कोने तर १९५३ सालीच हे सांगून ठेवले आहे. सांगण्याची कमतरता नाही.

माझे एक मित्र, नामांकित मुख्याध्यापक, मला नेहमी म्हणतात, 'गुरुजी, मुलाला राहायचे हिंदी राज्यात, नोकरी हिंदीत, कचेरी हिंदीत. त्याच्यावर मराठीचे ओझे कशाला?' हा आक्षेप मी हलका मानीत नाही. आपल्या मुलांना उत्तम हिंदी आलीच पाहिजे. ती त्यांच्या राज्याची भाषा आहे, आणि त्यांच्या मित्रांचीही. मी हिंदी माध्यमाच्या वर्गांवर आयुष्य काढले, त्या भाषेने मला अन्न दिले. मतभेद आहे तो क्रमाचा. जे मूल पहिली-दुसरीत आपल्या शब्दांत हिशेब आणि वाचन पक्के करते, ते चौथीपर्यंत हिंदी लीलया उचलते. आमच्या पिढीने तसेच केले. 'काटकोन म्हणजेच समकोण' असे एकदा कोणी सांगितले की काम भागते, मात्र सांगणाऱ्याला दोन्ही शब्द यायला हवेत. म्हणून मी म्हणतो, प्रश्न माध्यमाच्या पाटीपेक्षा शिक्षकाचा अधिक आहे. पाटी मराठी आणि अतिथी शिक्षक सत्रापुरता आलेला, मराठी न जाणणारा, अशी स्थिती असेल तर त्या पाटीचे मुलांना काय?

आणखी एक गोष्ट, जी मराठी सभेत सहसा बोलली जात नाही. आपण ज्या दर्जाच्या मराठीची मागणी करतो, ती पुण्याच्या पुस्तकांतली मराठी. आपल्या घरची बोली 'करून राहिला', 'जाऊन राहिली' अशी, नागपुरी वळणाची. मराठी माध्यमाच्या वर्गातही आमच्या गुरुजींनी याच वाक्यांसाठी आम्हाला उभे केलेले आहे. आणि डोंगराकडच्या गावांतले गोंड मूल? ते आपल्या वर्गात येते तेव्हा त्याला हिंदी परकी आणि मराठीही परकीच. त्याच्या गोंडीचे पुस्तक त्याने शाळेत पाहिलेले नाही. आपल्या दहा मुलांचा नियम मागताना त्याच्या दहा मुलांचाही तोच नियम आहे, हे आपण बोललो नाही, तर आपली मागणी न्यायाची न राहता जातभाईंची होईल. मी ज्या काटकोनाच्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याच्या शेजारी एक गोंड मुलगा बसत असे. त्याला काय कळत होते, हे मी कधी टिपून ठेवले नाही. माझी वही तिथे कोरी आहे.

पाठ्यपुस्तकांतल्या मजकुराविषयी एकच सांगतो. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ मँगेनीज असलेल्या प्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहाला 'सौसर समूह' म्हणतात. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत तो पसरला आहे. मोहगाव कलाँच्या दगडांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे जीवाश्म सापडतात, त्यांचा अभ्यास बिरबल साहनींनी केला. आपल्या तहसिलीचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत आहे, आणि आपल्या तहसिलीतल्या मुलाच्या शाळेत ते कोणी उच्चारीत नाही. हा एक धडा स्थानिक शिक्षकांनी मिळून, दोन्ही भाषांत, चार पानांत लिहावा. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता दहावीनंतरची गोष्ट, जिथे खरा चटका बसतो. आपली मुले पुढच्या शिक्षणासाठी नागपूरकडे पाहतात; रस्ता तिकडचा, नातेवाईक तिकडचे. परंतु महाराष्ट्रातील व्यावसायिक महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातील प्रवेशाला अधिवासाच्या, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याच्या अटी असतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशनियमांत एक अपवाद आहे: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार केलेला आहे. बेळगाव-निपाणीच्या मुलांना ती सवलत मिळाली याचा मला आनंद आहे. आपला प्रदेश कोणत्याही वादात नाही, म्हणून तो त्या नियमातही नाही. तंटा न करणाऱ्याला काही मिळत नाही, असा याचा अर्थ तरुणांनी काढला तर मी त्यांना काय सांगू? वाद उकरून काढावा असे मी मुळीच म्हणत नाही. सत्तर वर्षांनी सीमा हलवण्याच्या गोष्टी करणे हा मुलांचा वेळ घालवणे आहे. मातृभाषा मराठी आणि दहावीला मराठी विषय, एवढ्या आधारावर शेजारच्या राज्यांतील मराठी मुलांना काही जागा असाव्यात, ही मागणी मात्र सीमेला हात न लावता करता येते. आणि ती करायची तर आधी दहावीला मराठी घेणारी मुले हवीत. भोपाळच्या मंडळाच्या भाषाविषयांत मराठी आहे. विषय उपलब्ध असून शाळेत शिकवणारा नाही, म्हणून मुलांना तो घेता येत नाही.

पालकांनाही मी सोडणार नाही. माध्यमाच्या रकान्यात आपल्या हाताने 'हिंदी' लिहिणारे आपणच. परवडेल त्याने इंग्रजी शाळा धरली. त्यांना मी दोष कसा देऊ, माझ्याही घरात तेच झाले. पण सरकारी शाळेत आज जे मूल उरले आहे, ते बहुधा शेतमजुराचे, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या आईचे. शिकवणी लावणे तिला शक्य नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मधला पूल बांधायला कोणी नाही, असे मूल तेच. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या सभांत या मुलाचे नाव निघत नाही. दर्जाचे माप त्याच्यावर सर्वांत आधी पडते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक छोटी योजना ठेवली होती, आणि ती त्यांनी स्वीकारली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पहिले म्हणजे बालभारतीची पहिली ते दहावीची मराठी माध्यमाची पुस्तके. ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती छापून, बांधून बालविभागात ठेवली जातील, आणि शेजारी त्याच इयत्तांची आपल्या राज्याची हिंदी पुस्तके. दोन्ही उघडून बसले की काटकोन आणि समकोण मुलाला आपोआप भेटतील. दुसरे, माझी ती शब्दांची वही मी वाचनालयाला देत आहे. तिच्यात सुमारे चारशे शब्द आहेत. शिक्षकांनी भर घालावी, चुका दुरुस्त कराव्यात, त्या असतीलच. गोंडीचा रकाना मी आखून ठेवला आहे, तो भरणारा कोणी आला तर त्याचे आम्ही विद्यार्थी होऊ.

तिसरी गोष्ट नोंदणीची. जी वही शाळांनी ठेवायची होती ती ठेवली गेली नाही, तर ती वाचनालयाने ठेवायला हरकत नाही. मुलाचे नाव, वय, गाव, जवळची सरकारी शाळा, घरची भाषा, मराठी माध्यम हवे की मराठी विषय, आणि पालकाची सही, असे सात रकाने आहेत. सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. त्याआधी शाळावार याद्या करून एक प्रत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना आणि एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवायची आहे. जिल्हा आता पांढुर्ण्याचा आहे; आपली यादी घेऊन छिंदवाड्याचा घाट चढावा लागणार नाही. एका शाळेत दहा भरले नाहीत तर दोन शाळांचे मिळून भरतात का, ते पाहण्याचे काम मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी करणार आहोत. आम्हाला आता दुसरा उद्योग नाही. सही मराठीत येत नसेल तर हिंदीत चालेल, अंगठाही चालेल.

वही वर्तमानपत्रांच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला ठेवली आहे. काल संध्याकाळपर्यंत तिच्यात सात नावे होती, त्यांतली चार एकाच गावची. सभा संपल्यावर ग्रंथपाल तिथे आठ वाजेपर्यंत थांबणार आहेत.